माणूस मन लावून कधी राबतो?

विहाराच्या वर्धापनदिनाची तयारी सुरू झाली की वस्तीत एक नेहमीचे दृश्य दिसते. दिवसभर साहेबाच्या घड्याळाकडे बघून थकलेला माणूस घरी येतो, चार घास खातो आणि विहारात येऊन रात्री दोन वाजेपर्यंत मंडप बांधतो. पगार नाही, ओव्हरटाइम नाही, कोणी हजेरी घेत नाही. तरी शिडीवर चढायला दोघे तयार आणि शिडी धरायला चौघे. पण वर्धापनदिन झाला की हेच विहार ओस पडते. रविवारच्या वंदनेला तीच चार म्हातारी माणसे, झाडू तोच आणि झाडणारी बाईही तीच.

गेल्या काही बैठकांत आम्ही यावर बराच वाद घातला. कोणी म्हणाले, "हल्लीच्या पोरांना समाजाचं काही पडलेलं नाही." कोणी म्हणाले, "कामाला मानधन ठेवा." एकाने तर गैरहजेरीला दंड लावा असे सुचवले. आम्हीही तेव्हा माना डोलावल्या. नंतर मात्र वाटले, माणसाला काम करावेसे कशाने वाटते हा प्रश्न आपल्या बापजाद्यांनी आयुष्यभर सोसला आहे. त्यांच्या इतिहासाला तो विचारून पाहिला पाहिजे.

मनाविरुद्धचे काम

सुरुवात गावापासून करू. महार वतन म्हणजे काय होते ते आजच्या मुलांना सांगावे लागते. सरकारी टपाल पोचवणे, गावात वर्दी देणे, शिवेची राखण, अंमलदारापुढे धावणे, मयताचा निरोप परगावी नेणे, मेलेली जनावरे ओढणे ही सगळी कामे त्यात होती. कामाला वेळ नाही, काळ नाही. हाक आली की ताटावरून उठायचे. घरचा कर्ता हजर नसेल तर त्याच्या बापाला नाहीतर भावाला धरून न्यायचे. बदल्यात थोडी इनाम जमीन आणि दारोदार फिरून गोळा करायचे बलुते. म्हणजे मोबदला होता, पण तो हक्काचा वाटावा असा नव्हता. हात पसरून घ्यायचा होता.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते त्यांना पुढे मागे घ्यावे लागले. अखेर कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. वतनाच्या तुकड्यासाठी आपल्यातलीच काही माणसे त्याला चिकटून होती, हेही खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. उपाशी माणूस तुकडा सोडताना दहा वेळा विचार करतो. पण तुकड्यासाठी केलेल्या कामात मन नसते, हेही तितकेच खरे.

गिरणीचा भोंगा आणि बंद दार

गाव सोडून आपली माणसे मुंबईला आली. गिरणीत रोख पगार होता आणि भोंगा सगळ्यांसाठी सारखाच वाजत होता. त्या काळी गिरणीतले दिवस कसे होते हे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या कामावरून कळते. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतल्या या माणसाने १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, कामावर जखमी झालेल्याची सोय. साप्ताहिक सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. पाहा, मागण्यांत पैसा आहेच, पण त्याच्याआधी 'आम्ही माणसे आहोत' हे सांगणे आहे.

पण गिरणीच्या आतही एक गाव होते. आपल्या माणसांना सूत काढायच्या खात्यात घेत, विणकाम खात्यात घेत नसत. विणकामात पगार जास्त आणि कसब जास्त. मग अडचण काय होती? धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी घालायचा आणि सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचा. ज्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले त्याला आपले तोंड कसे लावायचे, एवढाच तो प्रश्न! एका धाग्यावरून माणसाची वाट अडली होती.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तो चालला. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना सांगितले की, विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करा, ही मागणी तुमच्या यादीत घाला, नाहीतर आम्ही आमच्या लोकांना संपातून बाहेर पडायला सांगू. पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घातली. त्यावर मालकांनी उत्तर दिले की, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. मालकाचे हे बोलणे पुढाऱ्यांना झोंबणारे होते, कारण दार मालकाने नव्हे, शेजारच्या कामगाराने लावले होते. एकाच भोंग्याला उठणारी, एकाच चाळीच्या नळावर भांडणारी माणसे एका खात्यात एक होऊ शकत नव्हती. मग तिला एकजूट म्हणायचे तरी कसे?

मनमाडचे भाषण

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी तिथेच सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुत्व नाकारणारी वृत्ती, हा खुलासाही त्यांनी तिथेच केला.

आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या भाषणातला दुसरा भाग महत्त्वाचा आहे. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तर घरच्या कामाला लावतो आणि घरात अस्पृश्य चालत नाही. वर्कशॉपात तो कुलीच राहतो, मेकॅनिकची जागा त्याला क्वचित मिळते आणि फोरमनची तर जवळजवळ नाहीच. म्हणजे रूळ ठोकायचे ते जन्मभर ठोकायचे. ज्याच्यापुढे चढायला एक पायरीही नाही, त्याने हातोडा कोणत्या उमेदीने उचलायचा? वरून पुन्हा तोच आळशी आणि तोच अडाणी!

याच्या दोन वर्षे आधी, १९३६ साली, 'जातिभेद निर्मूलन' या विषयावरचे इंग्रजी भाषण बाबासाहेबांनी पुस्तकरूपाने छापले होते. लाहोरच्या मंडळाने ते होऊ दिले नाही, म्हणून छापले. त्यात त्यांचा मुद्दा असा की, जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती कामगारांचीच वाटणी आहे. माणसाची आवड किंवा कुवत न पाहता जन्मावरून काम गळ्यात बांधले की त्याचे हृदयही त्या कामात नसते आणि डोकेही नसते. मग ते काम चांगले होणार कसे? आजच्या व्यवस्थापनशास्त्राच्या जाड पुस्तकांत जे सांगतात, ते बाबासाहेबांनी तेव्हाच जातीच्या प्रश्नात नेमके पकडले होते.

शिकागोजवळचा प्रयोग

गंमत अशी की साधारण याच काळात अमेरिकेतले कारखानदारही हाच प्रश्न विचारत होते. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात टेलिफोनचे सामान बनत असे. तिथे १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. आधी दिव्यांचा उजेड वाढवून पाहिला, तर काम वाढले. पण ज्या गटाचा उजेड वाढवला नव्हता, त्याचेही काम वाढले. मग १९२७ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे ज्या महिन्यात इकडे 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला त्याच महिन्यात, तिकडे काही कामगार मुलींना एका वेगळ्या खोलीत बसवले. त्यांना मध्ये विश्रांती दिली, बदल करताना त्यांचे मत विचारले. काम हळूहळू वाढत गेले. माणसाची दखल घेतली की तो खुलतो, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला.

पुढच्या अभ्यासकांनी या निष्कर्षावर आक्षेपही घेतले आहेत, आणि ते रास्त आहेत. त्या मुलींचा पगार त्यांच्या छोट्या गटाच्या कामावर ठरत होता, म्हणजे पैशाचाही वाटा होताच. शिवाय फार बोलतात म्हणून दोन मुलींना मध्येच बदलले होते. त्याच कारखान्यात १९३१-३२ साली चौदा पुरुषांच्या एका गटाचे निरीक्षण केले, तेव्हा उलटेच दिसले. रोज किती काम करायचे हे त्या गड्यांनी आपापसात ठरवले होते. जास्त करणाऱ्याची टिंगल व्हायची, प्रसंगी दंडावर गुद्दाही बसायचा. जास्त काम दाखवले तर साहेब दर कमी करील, ही त्यांना धास्ती. आपल्या गिरणीत राहिलेल्या कोणालाही हे शिकागोहून शिकायची गरज नाही! भरवसा नसेल तर एकजूट काम थांबवते, आणि भरवसा असेल तर तीच एकजूट डोंगर हलवते.

बिनपगारी डोंगर

डोंगर हलवल्याचे पुरावे आपल्याच घरात आहेत. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ती उभी केली. परिषदेला पिण्याचे पाणीसुद्धा चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले. दूरदूरच्या गावांहून पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत लोक भाकरीची गाठोडी बांधून चालत आले. त्यांना भत्ता कोणी दिला नव्हता. मिळाला तो चवदार तळ्यावरून परतताना लाठ्यांचा मार.

डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या परिषदेतली एक गोष्ट आम्हाला मुद्दाम सांगायची आहे. कोर्टाचा मनाई हुकूम आलेला होता. सत्याग्रह करायचा की निकालापर्यंत थांबायचे हा प्रश्न प्रतिनिधींसमोर ठेवला गेला, उलटसुलट भाषणे झाली आणि मग थांबण्याचे ठरले. ज्यांना गावात कोणी 'तुझं काय मत?' असे कधी विचारले नव्हते, त्यांना तिथे विचारले गेले. मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला आपल्या बाजूने लागला. तोवर जवळजवळ दहा वर्षे लोक टिकून राहिले. टिकले, कारण लढा त्यांचा स्वतःचा होता.

बाबासाहेब स्वतः कसे राबत? 'बहिष्कृत भारत'चे चोवीस चोवीस रकाने त्यांनी एकट्याने लिहून काढले, तेही पोटासाठी वकिली आणि शिकवणे सांभाळून. १९४२ ते १९४६ मध्ये ते मजूर खात्याचे मंत्री झाले, तेव्हा सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणारी त्रिपक्षीय परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. त्यांच्याच कारकिर्दीत कारखान्याचा आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आणण्याचा कायदा झाला. विसाव्याइतकाच बोलायचा हक्कही कामगाराला हवा, हे त्यात होते.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर! वामनराव गोडबोले आणि भारतीय बौद्धजन समितीचे कार्यकर्ते यांनी तयारी केली. समता सैनिक दलाचे जवान रांगा लावायला उभे होते. पांढऱ्या कपड्यांत लाखो माणसे आली. कोणी दागिना मोडून आले, कोणी पायी आले. तिथे काम करणाऱ्याला कोणी विचारले नसेल की तुझा हुद्दा काय. काम करताना माणूस स्वतःच्या नजरेत मोठा होत होता.

मग आपले काय चुकते?

या सगळ्यातून आम्ही एवढेच शिकलो. पगार हवाच. पोट रिकामे ठेवून त्याग शिकवणारा माणूस लबाड समजावा. लोखंड्यांनी वेळेवर पगार मागितला, बाबासाहेबांनी विणकामाचा जास्त पगार मागितला, त्यात कमीपणा काही नाही. पण पगार माणसाला कामावर आणतो, मन आणत नाही. मन येते ते मान मिळाला तर, वर जायची वाट मोकळी असली तर, आपले मत विचारले गेले तर आणि काम आपले वाटले तर.

आज गिरण्या राहिल्या नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर एकेक धुराडे थंड झाले. आपली नातवंडे आज मोबाईलवर ऑर्डर घेऊन मोटरसायकल पळवतात, कंत्राटावर सफाई करतात, काही मोठ्या ऑफिसातही आहेत. तिथे त्यांना काय मिळते ते आपल्या हातात पूर्ण नाही. त्यासाठी संघटनाच करावी लागेल. पण विहार तर आपल्या हातात आहे ना?

आता आमचीच कबुली देतो. आमच्या विहारात एक मुलगा कॉमर्स शिकलेला आहे. पाच वर्षे आम्ही त्याला खुर्च्या उचलायला लावल्या, हिशेबाची वही मात्र कधी त्याच्या हाती दिली नाही. "लहान आहेस अजून," हेच आमचे उत्तर. तो यायचा बंद झाला तेव्हा आम्ही म्हणालो, पोरांना समाजाचं पडलेलं नाही. आमच्या आयाबहिणी दर वर्षी शेकडो माणसांचा स्वयंपाक करतात, पण समितीच्या फलकावर एकाही बाईचे नाव नाही. म्हणजे सूत काढायला त्या आणि विणकाम खात्यात आम्ही! धोट्याला तोंड लावू न देणाऱ्यांवर रागावायचे आणि आपल्या दारात तोच नियम चालवायचा, हे शोभत नाही.

म्हणून दंडाचा ठराव आम्ही मागे घेतला. यंदाची हिशेबाची वही त्या मुलाच्या घरी जाऊन आम्ही त्याच्या हातात दिली. त्याने ती उघडली आणि गेल्या वर्षीच्या बेरजेतली एक चूक तिथल्या तिथे दाखवली. आम्ही खजील झालो, पण बरेही वाटले. पुढच्या निवडीत फलकावर भगिनींची नावे येतील, आणि ती फक्त भोजन समितीत नसतील. वस्तीतल्या प्रत्येक कुटुंबाने बैठकीला यावे आणि मत द्यावे. आमच्या विरोधात असले तरी द्यावे. झाडू मग कोणी कोणाच्या हातात द्यावा लागणार नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!