लाल रुमाल कोणाच्या गळ्यात? चीनच्या बाल-अग्रदूत दलाची कहाणी

१/ चीनमधील प्राथमिक शाळांच्या छायाचित्रांत एक गोष्ट हमखास दिसते: मुलांच्या गळ्यातील त्रिकोणी लाल रुमाल. गणवेशाचा भाग वाटणारा हा रुमाल वास्तविक एका राजकीय संघटनेच्या सभासदत्वाची खूण आहे. तो कोणाला द्यायचा आणि कोणाला नाकारायचा, या प्रश्नाचे उत्तर सत्तर वर्षांत अनेकदा बदलले. त्या बदलांचा हा इतिहास.

२/ मूळ नमुना सोव्हिएत. १९२२ मध्ये रशियात ‘पायोनियर’ संघटना स्थापन झाली. बोल्शेविकांना स्काउट चळवळ मान्य नव्हती. पण तिच्यातील गळ्याचा रुमाल, तुकड्या, शपथ आणि सलामी त्यांनी उचलली. रंग तेवढा लाल झाला. चीनच्या कम्युनिस्टांचीही १९२० च्या दशकापासून बालपथके होती. जपानविरोधी युद्धाच्या काळात त्यांच्या ताब्यातील खेड्यांच्या वेशीवर मुले पहारा देत आणि वाटसरूंचे परवाने तपासत.

३/ १ ऑक्टोबर १९४९ रोजी जनता प्रजासत्ताकाची घोषणा झाली. त्यानंतर अवघ्या बारा दिवसांनी, १३ ऑक्टोबरला, देशव्यापी बालसंघटना उभारण्याचा ठराव प्रसिद्ध झाला. १९५३ मध्ये तिला आजचे नाव मिळाले: चिनी बाल-अग्रदूत दल. जबाबदारी पक्षाच्या युवक संघाकडे. वाट आखलेली होती: आधी दल, मग युवक संघ आणि निवडक जणांसाठी अखेरीस पक्ष.

४/ प्रत्येक चिन्हाला अर्थ होता. ध्वजावरील तारा म्हणजे पक्षाचे नेतृत्व, मशाल म्हणजे उज्ज्वल मार्ग. सलामीचा हात डोक्याच्याही वर, कारण जनतेचे हित सर्वांत वर. रुमाल म्हणजे लाल ध्वजाचा एक कोपरा. तो हुतात्म्यांच्या रक्ताने रंगला आहे, असे मुलांना शिकवले जाई. बाहीवर एक, दोन वा तीन लाल पट्ट्या असल्या की तो लहान तुकडीचा, मधल्या तुकडीचा वा संपूर्ण शाळेच्या दलाचा नायक.

५/ आरंभी प्रवेश नऊ ते पंधरा वर्षांच्या मुलांना आणि तोही निवडीने. अर्ज करावा लागे, वर्तन पाहिले जाई. त्यामुळे रुमाल हा मान होता. पण ज्या वर्गात काहींच्या गळ्यात रुमाल असतो, तिथे उरलेल्यांचा मोकळा गळाही सर्वांच्या नजरेत भरतो. १९६५ मध्ये धोरण बदलले: वयात बसणाऱ्या सर्वच मुलांना दलात घ्यावे.

६/ हे धोरण रुजण्याआधीच १९६६ उजाडले. सांस्कृतिक क्रांतीच्या लाटेत दलच मोडीत निघाले. प्राथमिक शाळांत त्याची जागा ‘छोट्या लाल सैनिकां’नी घेतली. आता प्रश्न वर्तनाचा उरला नाही, जन्माचा झाला. कामगार, गरीब शेतकरी आणि सैनिक यांची मुले ‘लाल’; जमीनदार, श्रीमंत शेतकरी, प्रतिक्रांतिकारक, ‘वाईट घटक’ आणि ‘उजवे’ यांची मुले ‘काळी’.

७/ शांघायच्या जी-ली च्यांग यांचे ‘रेड स्कार्फ गर्ल’ (१९९७) हे आत्मकथन याच काळाचे. १९६६ मध्ये त्या बारा वर्षांच्या होत्या, हुशार आणि शाळेत मानाचे स्थान असलेल्या. वर्गात ‘लाल वारसदार’ निवडताना त्यांचे आजोबा जमीनदार होते, ही गोष्ट भर वर्गात उघड केली गेली. ज्या आजोबांना त्यांनी कधी पाहिलेही नव्हते, त्यांच्यामुळे त्या एका क्षणात परक्या ठरल्या.

८/ माओंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९७८ मध्ये, बाल-अग्रदूत दल पुन्हा सुरू झाले. १९६१ च्या एका चित्रपटातील गीत दलगीत झाले. पुढे जवळजवळ प्रत्येक मूल सभासद होऊ लागले. रुमाल बांधण्याचा समारंभ शालेय जीवनाचा नेहमीचा टप्पा ठरला. सर्वांना मिळाल्यामुळे रुमालाचा मान ओसरला. पण तो नसण्याचा डंख अधिकच तीव्र झाला.

९/ ऑक्टोबर २०११ मध्ये याचा प्रत्यय आला. शीआन शहरातील एका प्राथमिक शाळेने अभ्यासात वा वर्तनात मागे पडलेल्या मुलांच्या गळ्यात हिरवे रुमाल बांधले. हेतू प्रोत्साहनाचा होता, असे शाळेचे म्हणणे. देशभर संताप उसळला. कोवळ्या मुलांवर हा शिक्का कशासाठी, असे पालक विचारू लागले. अखेर ती प्रथा बंद करावी लागली.

१०/ आणि तरीही चक्र पुन्हा फिरले. सभासदत्वाचे मोल वाढावे म्हणून २०१९ मध्ये नवी प्रवेश-नियमावली आली. आजची वयोमर्यादा सहा ते चौदा. सगळ्यांना प्रवेश आहे, पण एकाच दिवशी नाही; मुले टप्प्याटप्प्याने घेतली जातात. पहिल्या तुकडीत थोडीच मुले येतात, बाकीच्यांनी थांबायचे.

११/ या दलाचा इतिहास बहुधा ध्वज, शपथ आणि घोषणांतून सांगितला जातो. तो मोकळ्या गळ्याच्या बाजूनेही वाचायला हवा. १९५५ मध्ये वर्तनामुळे, १९६६ मध्ये आजोबांमुळे, २०११ मध्ये गुणांमुळे कोणीतरी वेगळे ठरले. राज्यव्यवस्था म्हणजे काय, हे सात वर्षांच्या मुलाला कळत नाही. पण शेजारच्या बाकावरच्या मित्राला रुमाल मिळाला आणि आपल्याला नाही, हे त्याला त्याच दिवशी कळते.

(समाप्त)