डोंगर वाहून नेणारी इंजिने

टोकियोच्या वायव्येला सायतामा प्रांतात चिचिबू नावाचे खोरे आहे. खोऱ्यातल्या शहरात कुठेही उभे राहा, दक्षिणेला बुको डोंगर दिसतो. जुन्या नकाशांत त्याची उंची १,३३६ मीटर आहे, आजच्या नकाशांत १,३०४. शहराकडची उत्तर बाजू वरपासून खालपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी कापलेली आहे. डोंगराचा जुना माथा सुरुंगांनी उडवला गेला. चुनखडीसाठी.

ही चुनखडी खाली आणण्याचे काम चिचिबू रेल्वे या खासगी कंपनीच्या विजेच्या इंजिनांनी केले. त्यांच्या नावात 'डेकी' येते. 'डेन्की' म्हणजे वीज आणि 'किकान्शा' म्हणजे इंजिन, त्यातले पहिले अक्षर घेऊन केलेला हा संक्षेप. डेकी १००, २००, ३०० आणि ५०० असे त्यांचे वर्ग. रेल्वेचे शौकीन त्यांची छायाचित्रे काढत हिंडतात. मला मात्र त्या इंजिनांमागे ओढल्या जाणाऱ्या मालाचे कुतूहल जास्त आहे.

चिचिबू मुळात रेशमाचा मुलूख. डोंगराळ, भातशेती थोडी, तुतीची झाडे आणि रेशमाचे किडे यांवर घरे चालायची. १८८० च्या दशकात रेशमाचे भाव कोसळले आणि शेतकरी सावकारांच्या कर्जात बुडाले. १८८४ मध्ये हजारो लोक हत्यारे घेऊन उठले. सावकारांच्या घरांवर चालून गेले, कर्जाचे कागद जाळले. सरकारने सैन्य पाठवून दहा दिवसांच्या आत उठाव मोडला, पुढाऱ्यांना फाशी दिली. पुढची गोष्ट समजून घेताना ही गरिबी विसरता येत नाही. पोटाला आधार हवा होता, आणि डोंगरात दगड होता.

रेल्वेचा पहिला तुकडा १९०१ साली कुमागाया ते योरिई असा सुरू झाला. रूळ चिचिबूला पोचले १९१४ मध्ये आणि डोंगराच्या पायथ्याशी, कागेमोरीला, १९१७ मध्ये. १९२२ साली मार्गावर वीज आली, तेव्हा अमेरिकेहून वेस्टिंगहाऊस आणि बाल्डविनची पाच इंजिने मागवली गेली. पुढच्याच वर्षी, १९२३ च्या जानेवारीत, चिचिबू सिमेंट ही कंपनी निघाली. तिचे संस्थापक मोरोई त्सुनेहेई त्याआधी उद्योगपती शिबुसावा एइइची यांच्या विटांच्या कारखान्याचे व्यवस्थापक होते. टोकियो स्टेशनच्या विटा त्याच कारखान्यातल्या. त्या वर्षी १ सप्टेंबरला कांतोचा मोठा भूकंप झाला. विटांच्या इमारती कोसळल्या आणि लोकांचा भरवसा काँक्रीटवर बसला. विटा भाजणाऱ्या माणसाने भूकंपाच्या काही महिने आधीच सिमेंटमध्ये पाऊल टाकलेले होते! टोकियो पुन्हा उभे राहिले, दुसऱ्या महायुद्धात जळाले, पुन्हा उभे राहिले. दर वेळी बुकोसारख्या डोंगरांचा दगड उतरत गेला.

युद्धानंतर जपानी बनावटीची इंजिने आली. हिताची कंपनीने १९५१ मध्ये डेकी १०० चे पहिले इंजिन बांधले. डेकी ५०० ची सात इंजिने १९७३ ते १९८० या काळातली. वजन ५० टन, चार आसे, प्रत्येक आसाला एक मोटर. देखणेपणासाठी कोणी ती बांधली नव्हती. चौकोनी पेटीसारखे, निळे, पांढऱ्या पट्ट्याचे इंजिन. पुढे काहींना पिवळा, गुलाबी, हिरवा रंग दिला गेला. मागे चुनखडीच्या वीस वाघिणी. भरलेली गाडी उताराने अराकावा नदीच्या बाजूने सपाटीकडे यायची, रिकामी गाडी चढण चढायची, म्हणजे निसर्गाने निम्मे काम फुकट केलेले. १९७९ मध्ये ताकेकावापासून मिकाजिरीकडे खास मालगाड्यांसाठी फाटा काढला, तोही सिमेंटच्या कारखान्यासाठी.

डेकी १०० मधली दोन इंजिने, १०७ आणि १०८, चिचिबूची नव्हेत. ती उत्तरेकडच्या इवाते प्रांतातल्या मात्सुओ गंधकाच्या खाणीच्या रेल्वेवर चालायची. एकेकाळी पूर्वेकडची सर्वांत मोठी गंधकाची खाण म्हणून मात्सुओचे नाव होते. मग खनिज तेल शुद्ध करताना गंधक आपोआप मिळू लागले, आणि डोंगर खणून गंधक काढणे परवडेनासे झाले. खाण बंद पडली, १९७२ मध्ये रेल्वेही गेली, आणि इंजिने इकडे विकली गेली. खाणीतून झिरपणारे आम्लाचे पाणी मात्र थांबले नाही. ते किताकामी नदीत उतरते, म्हणून आजही रात्रंदिवस त्यावर प्रक्रिया करावी लागते. प्रक्रिया कशाने? चुनखडीच्या भुकटीने. एका डोंगराची जखम धुवायला दुसऱ्या डोंगराचा दगड.

आता मूळ पेच. बुको हा चिचिबूकरांचा देव आहे. दर वर्षी २ आणि ३ डिसेंबरला रात्रीचा उत्सव भरतो. २०१६ पासून तो युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. लोककथा अशी की बुकोचा देव आणि शहरातल्या देवळातली म्योकेन देवी वर्षातून याच एका रात्री भेटतात. देवाची बायको वेगळीच आहे, आणि तिच्या देवळासमोरून जाताना तिला सुगावा लागू नये म्हणून मिरवणुकीतले ढोल थांबवतात. कोरीव लाकडाचे सहा उंच रथ, एकेकाचे वजन दहा टनांच्या वर, माणसे दोरखंडांनी ओढतात. वाटेत ओहानाबाताके स्टेशनाजवळ रूळ आडवे येतात. वरच्या विजेच्या तारेखालून रथ जाऊ शकत नाहीत. म्हणून त्या रात्री रेल्वे त्या भागातल्या गाड्या थांबवते, वीज बंद करते आणि तार बाजूला काढते. देवाच्या भेटीला निघालेले रथ पलीकडे जातात. मग तार पुन्हा जागेवर येते.

याला ढोंग म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही. ज्यांच्या पणजोबांना कर्जाचे कागद जाळावे लागले, त्यांनी डोंगर विकून पगार कमावला आणि तरीही त्याच्यापुढे मान झुकवणे सोडले नाही, यात मला कपटापेक्षा अडचण दिसते. डोंगराला देव मानणे माझ्या इमानात बसत नाही. पण जमीन, पाणी, डोंगर ही माणसाकडे सोपवलेली अमानत आहे, असे आम्हाला शिकवलेले असते, आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागतो. तो हिशेब चिचिबूच्या खाणकामगाराकडे मागायचा की त्या सिमेंटच्या बाराव्या मजल्यावर राहणाऱ्याकडे?

चिचिबू सिमेंटचे नाव १९९४ आणि १९९८ च्या विलीनीकरणांत पुसले गेले. आज ती ताइहेइयो सिमेंट आहे. बुकोच्या चुनखडीवर मात्र अजून एक रानफूल उगवते, चिचिबू-इवाझाकुरा. गुलाबी, वीतभरही उंच नसलेले. जगात ते फक्त याच डोंगरावर सापडते, आणि त्याला मातीपेक्षा तो दगडच लागतो.