तिम्नाच्या खाणींची जन्मतिथी

खाण म्हणजे उकरून काढलेली पोकळी, आणि पोकळीला वय नसतं. भोवतालचा कातळ लाखो वर्षांचा. त्यात एकाने भुयार खणलं, आणि काही शतकांनी दुसऱ्याने तिथेच छिन्नी चालवली, की पहिल्याच्या खुणा खरवडून जातात. म्हणून जुन्या खाणीचं वय काढायचं तर भुयाराबाहेर येऊन माणसांनी काय टाकून दिलं ते पाहावं लागतं. इस्राएलच्या दक्षिण टोकाशी, अराबाच्या वाळवंटातल्या तिम्ना खोऱ्याने हा धडा चांगलाच शिकवला. तिथल्या तांब्याच्या खाणींचं मान्य झालेलं वय एकाच शतकात दोनदा बदललं.

नेल्सन ग्लूक या अमेरिकी पुरातत्त्वज्ञांनी 1930च्या दशकात अराबा पालथा घातला. वाटेत मिळालेल्या खापरांवरून त्यांनी इथल्या तांब्याच्या कामाचा काळ इ.स.पू. 10वं शतक, म्हणजे राजा सॉलोमनचा काळ, असा ठरवला. रायडर हॅगार्ड यांच्या 1885च्या कादंबरीमुळे ‘सॉलोमनच्या खाणी’ हे शब्द आधीच जगाच्या तोंडी होते. ते तिम्नाला चिकटले. खोऱ्यातल्या उंच तांबड्या सुळक्यांना आजही ‘सॉलोमनचे खांब’ म्हणतात.

याच खांबांच्या पायथ्याशी 1969मध्ये बेनो रॉथेनबर्ग यांनी उत्खनन केलं, तेव्हा हाथोर या इजिप्शियन देवीचं छोटं देऊळ निघालं. देवीला वाहिलेल्या वस्तूंवर दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या रामसेससारख्या राजांची नावं कोरलेली होती. त्या राजांचा काळ ठाऊक असल्याने देवळाची तारीख ठरली: इ.स.पू. 13वं-12वं शतक. रॉथेनबर्ग यांनी तीच तारीख खोऱ्यातल्या मुख्य भट्ट्यांनाही लावली. सॉलोमन मागे पडला आणि खाणी इजिप्तच्या झाल्या. पण देवळाची तारीख ही देवळाची. काही अंतरावरची भट्टी त्याच काळात पेटत होती, हा अंदाज होता.

तो तपासायचा तर भट्टीजवळचीच एखादी सेंद्रिय वस्तू हवी. कोळसा तिथे भरपूर, पण त्यात एक मेख आहे. कार्बन-14चं घड्याळ सजीव मरतो तेव्हा सुरू होतं आणि 5,730 वर्षांत त्यातला निम्मा कार्बन-14 उरतो. जुन्या झाडाच्या गाभ्यातलं लाकूड मात्र झाड तोडण्याच्या कितीतरी आधी वाढायचं थांबलेलं असतं. शिवाय वाळवंटात वाळलेलं खोड वर्षानुवर्षं पडून राहतं आणि मग कुणीतरी ते जाळतं. अशा कोळशावर विसंबलं, तर भट्टी आहे त्याहून जुनी ठरते. खजुराची बी तशी फसवत नाही. खजूर एका हंगामात पिकतो, खाल्ला जातो, बी तिथेच थुंकली जाते.

तेल अवीव विद्यापीठाचे एरेझ बेन-योसेफ यांच्या पथकाने 2013मध्ये ‘गुलामांची टेकडी’ उकरली. भट्टीतल्या काळ्या मळीच्या, म्हणजे तांबं वितळवताना उरलेल्या टाकाऊ भागाच्या, थरांत खजुराच्या आणि ऑलिव्हच्या बिया मिळाल्या. 11 नमुने ऑक्सफर्डला गेले आणि उत्तर आलं: मुख्य काम इ.स.पू. 10व्या शतकातलं. म्हणजे ग्लूक यांनी सांगितलेलं शतक परत आलं. मळीनेही आपली साक्ष दिली. वितळलेली मळी थंड होताना त्या घडीच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता तिच्यातल्या लोहयुक्त कणांत कोंडली जाते, आणि ती मोजून काळ पडताळता येतो.

टेकडीच्या नावामागची कल्पना मात्र टिकली नाही. नाव ग्लूक यांनीच दिलं होतं; भोवतालची भिंत पाहून त्यांना वाटलं की आत गुलाम कोंडले असावेत. कोरड्या हवेमुळे इथे तीन हजार वर्षांपूर्वीची गाढवांची लीद आणि रंगवलेलं कापड टिकून राहिलं आहे. लिदीत द्राक्षांचा चोथा मिळाला. म्हणजे जनावरांचा चाराही शंभरावर किलोमीटरवरून येत होता. उरलेली हाडं सांगतात, की भट्टीवाल्यांच्या वाट्याला चांगलं मांस आणि भूमध्य समुद्रातले मासे येत. ही माणसं कसबी कारागीर होती आणि त्यांना मान होता.

मग खाणी सॉलोमनच्याच का? त्याचं नाव असलेली एकही वस्तू इथे सापडलेली नाही. बेन-योसेफ यांच्या मते हे काम अदोम या प्राचीन प्रदेशातल्या भटक्या टोळ्यांच्या राज्याचं. बियांनी काळ सांगितला. मालक सांगणं त्यांच्या आवाक्यातलं नाही, आणि ते त्यांच्या तोंडी घालूही नये.

तारखेसाठी बाजूला ठेवलेला कोळसा शेवटी वेगळ्याच प्रश्नाला उपयोगी पडला. 2022मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थराथरातला कोळसा कोणत्या झाडाचा ते पाहिलं गेलं. खालच्या थरांत बाभळीच्या जातीचं आणि रेतम झुडपाचं उत्तम जळण होतं. वर येताना खजुराच्या झाडासारखं हलकं लाकूडही दिसू लागलं. इ.स.पू. 9व्या शतकाच्या मध्याला भट्ट्या थंडावल्या. अभ्यासकांच्या मते त्याचं कारण जळण संपणं हेच होतं. हे कळलं, कारण मळीचे ढीग थरासकट जागेवर होते. उपसून रस्त्यात भरलेला ढीग यातलं काहीच सांगू शकला नसता. म्हणून जुन्या खाणीशेजारचा उकिरडा खाणीइतकाच जपायला हवा.