उमेदवार, शिकाऊ उमेदवार, प्रशिक्षणार्थी

'उमेदवार' म्हटलं की आज मुलांना निवडणूक आठवते. शब्द मूळचा फारसी, उम्मीदवार. आशा धरून बसलेला. मराठीत त्याला आणखी एक अर्थ होता, तो आता पुसट झालाय: कचेरीत बिनपगारी राबून जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा तरुण. इंग्रजी अमलात कचेऱ्यांमधून असे उमेदवार असत. 'उमेदवारीचे दिवस' हा वाक्प्रचार तिथलाच.

आमचं नशिराबाद एकेकाळी काचेच्या बांगड्यांसाठी प्रसिद्ध होतं, इंग्रजांच्या गॅझेटिअरात तशी नोंद आहे. असल्या धंद्यात शागिर्द उस्तादाच्या हाताखाली शिकतो, आणि एकदा हुनर हातात आलं की ते त्याचं. कचेरीतल्या उमेदवाराचं सगळं मात्र त्या एका खुर्चीवर अवलंबून.

स्वातंत्र्यानंतर 1961 साली केंद्राने अप्रेंटिस कायदा केला. मराठीत अप्रेंटिसला 'शिकाऊ उमेदवार' म्हणू लागले. जुना शब्द टिकला, आणि आता त्याला विद्यावेतन मिळू लागलं. पण कायद्याने दोन गोष्टी स्पष्ट केल्या: हा शिकणारा आहे, कामगार नव्हे, आणि शिकवून झाल्यावर त्याला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. भुसावळची रेल्वे, वरणगावचा आयुध कारखाना आमच्यापासून जवळ, त्यामुळे 'अप्रेंटिस झाला' म्हणजे काय आणि 'लागला' म्हणजे काय, हा फरक इथल्या घरांना सांगावा लागत नाही.

मला सर्वांत विचार करायला लावतं ते 1970 चं दशक. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर राबवली. तिच्यामागे वि. स. पागे होते. 1977 मध्ये तिचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मातीकाम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम द्या, नाही तर बेकारी भत्ता द्या. मागणाऱ्याचा तो हक्क ठरला. त्याच काळात, डिसेंबर 1974 मध्ये, सुशिक्षित बेरोजगारांसाठी रोजगार प्रोत्साहन कार्यक्रम आला: सहा महिने कुठेतरी काम शिका, विद्यावेतन सरकार देईल. याचा मात्र कायदा कधीच झाला नाही. घमेलं उचलणाऱ्याला हक्क मिळाला आणि पदवीधराला शासन निर्णय. पन्नास वर्षांनंतरही हिशेब तिथेच आहे.

28 जून 2024 च्या अर्थसंकल्पात घोषणा झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना त्या 1974 च्या कार्यक्रमाचंच नवं रूप. लोकांनी तिला 'लाडका भाऊ' म्हटलं, आणि पुढे विधानसभेची निवडणूक होती हे कुणाला सांगायला नको. बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये. पैसे थेट खात्यात, मालकाच्या खिशातून काही नाही. उद्योगांसाठी होती तशी ती सरकारी कार्यालयांसाठीही होती, आणि पुष्कळ मुलं तिथेच गेली. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी वगैरे काही लागू नाही, कारण नाव 'प्रशिक्षणार्थी'. सहा महिने संपले तेव्हा मुलं आंदोलनाला बसली, 2025 मध्ये आणखी पाच महिने मिळाले. अकरा महिने, पुढे प्रमाणपत्र.

आम्हा शिक्षकांना हे ओळखीचं वाटतं, कारण शिक्षणसेवक हीही तशीच तात्पुरती पायरी. 2011 मध्ये मानधन 6,000, 8,000 आणि 9,000 ठरलं, ते बारा वर्षं हललं नाही. 2023 मध्ये 16,000, 18,000 आणि 20,000 झालं. पण तीन वर्षांनी नियमित पद होतं, म्हणून आम्ही ती वर्षं काढली. शिकाऊ माणसाला कमी पैसे मिळण्यावर माझी फारशी तक्रार नाही. ज्या टेबलावर मंजूर पद वर्षानुवर्षं रिकामं आहे, त्याच टेबलावर प्रशिक्षणार्थी बसवला, तर तो नक्की काय शिकतोय? काम तर तो करतोच आहे.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका कार्यालयात अकरा महिने आवक-जावक सांभाळून आला. परवा कुठलातरी अर्ज भरताना विचारत होता, "सर, अनुभवाच्या रकान्यात हे लिहू का?" अर्जात नोकरीचा अनुभव मागितला होता, आणि त्याच्या प्रमाणपत्रावर 'प्रशिक्षण' असं छापलेलं होतं.