रोमन लिपीतली ओवी

मी लोणंदचा. आषाढी वारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्याकडे मुक्कामाला येते, त्यामुळे ओवी लहानपणापासून कानावर. कोडिंगच्या नादात ती मागे पडली. मग वाचनात आले फादर थॉमस स्टीफन्स.

हे इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आले. जेझुइट कॉलेजांत तेव्हा व्हर्जिलचं लॅटिन महाकाव्य शिकवायचे. त्याचं वृत्त सहा गणांचं, यमक नाही. पण मराठीत ख्रिस्ताची कथा सांगताना स्टीफन्सनी ते वृत्त आणलं नाही. ज्ञानोबांची ओवी घेतली, पहिल्या तीन चरणांत यमक असलेली. सुमारे ११,००० ओव्या! हे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली सासष्टीतल्या रायतूरला छापलं, तेही रोमन लिपीत. आपण व्हॉट्सॲपवर मराठी टाइप करतो ना, तसंच!

१६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा सोडायचं फर्मान काढलं. तरी लोकांनी हाताने नकला करून हे पुराण जपलं. १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं.

व्हर्जिलच्या परंपरेत शिकलेल्या माणसाला ओवी पुरली, मग मला का पुरू नये? यंदा पालखी आली की फोन खिशात ठेवून ऐकणार.