प्राथमिक शाळेतील इतिहास : आधी गोष्ट, मग पुरावा

महाराष्ट्रातील मराठी शाळांत मुलांची इतिहासाशी पहिली खरी ओळख होते ती शिवचरित्रातून. 'बालभारती'ची स्थापना २७ जानेवारी १९६७ रोजी झाली आणि चौथीसाठी शिवचरित्राचे पुस्तक १९७० मध्ये आले. २०१४ मध्ये पुस्तके बदलली, तरी 'परिसर अभ्यास भाग दोन' म्हणून ते कायम राहिले. २०१५ मध्ये आलेल्या पाचवीच्या पुस्तकाचा आरंभ मात्र 'इतिहास म्हणजे काय?' या प्रश्नाने झाला.

आधी गोष्ट आणि मग पुरावा, हा क्रम मुलांच्या वयाला धरूनच आहे. या दोहोंचा सांधा जुळविण्याचे काम मात्र शिक्षकावर येते. तो जुळला नाही, तर इतिहास 'रिकाम्या जागा भरा'पुरता उरतो.

काळाची जाण

'साडेतीनशे वर्षांपूर्वी' या शब्दांतून नऊ वर्षांच्या मुलाला फारसा बोध होत नाही. येथे कालरेषा उपयोगी पडते. दोरीवर एका वर्षाला एक सेंटिमीटर धरला, तर मुलाचे आयुष्य वीतभरही भरत नाही आणि पंचाहत्तरीच्या आजीचे पाऊण मीटर होते. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक मात्र साडेतीन मीटरवर जातो. हे अंतर मुलांना डोळ्यांनी दिसते.

हाती येणारा पुरावा

शिवराई हे तांब्याचे नाणे. त्याच्या एका बाजूस 'श्री राजा शिव', तर दुसऱ्या बाजूस 'छत्रपती' अशी अक्षरे असतात. चित्र दाखवूनही प्रश्न विचारता येतात : लिपी कोणती? नाणे कोण पाडतो? त्यावर स्वतःचे नाव का घालतो?

मूळ वास्तू आणि प्रतिकृती

पुण्यात शनिवारवाडा आणि लाल महाल जवळजवळ आहेत. १७३२ मध्ये पूर्ण झालेल्या शनिवारवाड्याच्या आतील इमारती १८२८ च्या आगीत नष्ट झाल्या. तट, दरवाजे आणि जोती उरली. आजचा लाल महाल ही विसाव्या शतकात उभारलेली वास्तू आहे. १६६३ मध्ये शाहिस्तेखानावर छापा पडला, तो वाडा हा नव्हे. हे सांगितल्याने प्रसंगाचे मोल घटत नाही. उलट, काय उरले आणि काय नंतर उभारले, हा फरक मुले सहलीतच शिकतात.

दिवाळीतील किल्ला

मातीचा किल्ला करताना बुरूज, माची, बालेकिल्ला हे शब्द आपोआप ओळखीचे होतात. 'गडावर पाण्याचे टाके नसते तर वेढ्यात काय झाले असते?' असे विचारले, की खेळाचा पाठ होतो.

सनावळी पुढील इयत्तांत पक्की करता येते. 'हे आपल्याला कशावरून कळले?' असे विचारण्याची सवय मात्र याच वयात लागावी लागते. ती लागली, तर मोठेपणी ऐकीव गोष्ट आणि इतिहास यांत फरक करणे त्या मुलाला जड जात नाही.