रोझॅनचं कूळ हिमालयातलं

जुलै-ऑगस्टमध्ये व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाऊन आलेल्यांनी एक फूल नक्की पाहिलेलं असतं, पण त्याचं नाव फार थोड्यांना सांगता येतं. आकार जुन्या बंद्या रुपयापेक्षा जरा मोठा. पाच पाकळ्या, गुलाबीकडे झुकणारा जांभळा रंग, पाकळ्यांवर बारीक गडद शिरा आणि मधोमध काळपट पुंकेसर. झाड उंच होत नाही, शेजारच्या गवताचा आधार घेत पसरत जातं. त्याचं शास्त्रीय नाव जिरेनियम वॉलिचियानम. इंग्लंडच्या बागांमध्ये गेली पंचवीसेक वर्षं मिरवणाऱ्या ‘रोझॅन’ या जिरेनियमच्या दोन जन्मदात्यांपैकी हे एक. दुसरंही हिमालयातलंच, जिरेनियम हिमालयन्स. कूळ आपल्याकडचं आणि जन्म सॉमरसेटचा, अशी ही गोष्ट आहे.

आधी नावाचा एक घोळ मिटवायला हवा. पुण्या-मुंबईच्या नर्सरीत ‘जिरेनियम’ म्हणून जी कुंडी आपल्याला मिळते, ती खरी पेलार्गोनियमची. ते झाड दक्षिण आफ्रिकेतलं. महाराष्ट्रातल्या काही शेतकऱ्यांनी अलीकडे तेलासाठी लावलेलं सुगंधी जिरेनियमही त्याच गोतातलं. लिनियसने 1753 मध्ये दोघांना एकाच नावाखाली बसवलं होतं. 1789 मध्ये लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांची वाटणी केली, पण बागवानांच्या तोंडचं नाव काही बदललं नाही. ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या जिरेनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या असतात. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिघींहून वेगळ्या दिसतात.

जिरेनियम हा शब्द आला ग्रीक भाषेतून. ‘गेरानोस’ म्हणजे क्रौंच पक्षी. पाकळ्या गळाल्यावर उरणारं फळ हुबेहूब क्रौंचाच्या चोचीसारखं दिसतं, म्हणून हे नाव. ती चोच जवळून पाहण्यासारखी असते. तिच्या बुडाशी पाच छोट्या वाट्या आणि प्रत्येक वाटीत बी. प्रत्येक वाटीपासून एक बारीक पट्टी चोचीच्या टोकापर्यंत गेलेली असते. फळ वाळू लागलं की पट्ट्यांवर ताण येतो, आणि एका क्षणी पट्टी बुडाकडून सुटून वरच्या बाजूला झटक्यात वळते. वाटीतलं बी गोफणीतल्या दगडासारखं दूर फेकलं जातं. ही गोफण लक्षात ठेवावी, कारण रोझॅनच्या नशिबी ती नाही.

वॉलिचियानम हे नाव नॅथॅनिएल वॉलिक या डॅनिश शल्यचिकित्सकावरून पडलं. तो बंगालमधल्या श्रीरामपूरच्या डॅनिश वसाहतीत डॉक्टर म्हणून आला आणि पुढे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा अधीक्षक झाला. 1820-21 मध्ये त्याने नेपाळात वनस्पती गोळा केल्या. त्याच्या ‘प्लांटी एशियाटिकी रॅरिओरीस’ या तीन खंडांच्या ग्रंथासाठी विष्णुप्रसाद आणि गोराचांद या भारतीय चित्रकारांनी चित्रं काढली. वॉलिकचं नाव कितीतरी वनस्पतींना मिळालं. डोंगर चढून रोपं आणणाऱ्या माणसांची आणि त्या रोपांची पानन् पान कागदावर उतरवणाऱ्या या चित्रकारांची आठवण कुठल्याही बागेतल्या पाटीवर नसते. मला ही उणीव मनापासून लागते, म्हणून ही दोन नावं इथे मुद्दाम लिहिली.

हिमालयातली ही जिरेनियमं ब्रिटनमध्ये पोचली आणि थंड हवेत चांगली रुळली. वेल्समधल्या बेट्स-इ-कोएड या गावी ई. सी. बक्स्टन नावाचे हौशी बागवान होते. त्यांच्या बागेत 1920 च्या सुमारास वॉलिचियानमचं एक वेगळं रूप पुढे आलं. फूल निळं आणि मध्यभागी पांढराशुभ्र डोळा. ‘बक्स्टन्स व्हरायटी’ या नावाने ते टिकलं. उन्हाळ्याच्या अखेरीस फुलायचं आणि थंडीपर्यंत फुलत राहायचं, हा त्याचा स्वभाव. हिमालयन्सचा स्वभाव याच्या उलट. फुलं मोठी, भरघोस निळी-जांभळी, पण उन्हाळ्याच्या सुरुवातीला मुख्य बहर येऊन गेला की झाड बरंचसं शांत होतं.

सॉमरसेट परगण्यात समुद्राजवळ किल्व्ह नावाचं खेडं आहे. तिथे डोनाल्ड आणि रोझॅन वॉटरर या दांपत्याची बाग होती. 1989 मध्ये त्यांना बागेत एक जिरेनियम दिसलं, पण नेहमीच्या रोपांहून दांडगं आणि मोठ्या फुलांचं. हिमालयन्स आणि बक्स्टन यांचा हा संकर. हिमालयात जे दोन शेजारी होते, त्यांची सोयरीक हजारो मैलांवरच्या एका घरगुती बागेत जुळली होती. हजार बागवानांपैकी नऊशे नव्व्याण्णवांनी हे रोप छान आहे म्हणून पाणी घातलं असतं, नाहीतर तण समजून उपटून टाकलं असतं. वॉटरर दांपत्य थांबलं आणि त्यांनी नीट पाहिलं. माझ्या मते या वाणाचा खरा जन्म या पाहण्यात आहे.

हे रोप नॉरफोकमधल्या ‘ब्लूम्स ऑफ ब्रेसिंगहॅम’ या नावाजलेल्या रोपवाटिकेकडे गेलं. बाजारात यायला 2000 साल उजाडलं. वाणाची अधिकृत नोंद ‘गेरवॅट’ या नावाने झाली, जिरेनियम आणि वॉटरर या दोन शब्दांचे तुकडे जोडून केलेलं नाव. विक्रीसाठी मात्र बागेच्या मालकिणीचं नाव दिलं गेलं, आणि तेच लोकांच्या तोंडी बसलं.

रोझॅनचं फूल साधारण दोन-अडीच इंचांचं असतं. रंग निळा-जांभळा, मध्यभाग पांढुरका आणि त्यातून बाहेर पसरणाऱ्या जांभळ्या शिरा. हवा गार असली की निळा रंग उजळतो, उन्हाचा कडाका वाढला की फूल जांभळट होतं आणि आकारही थोडा लहान होतो. झाड दीडेक फूट उंच वाढतं आणि दोन-तीन फूट सहज पसरतं. पानांवर फिकट हिरवी-पिवळी झाक असते, थंडी पडू लागली की ती तांबूस होतात. पण तिचं खरं वैशिष्ट्य बहराच्या लांबीत आहे. जूनमध्ये सुरू झालेली फुलं पहिलं हिमदव पडेपर्यंत थांबत नाहीत. एका पूर्वजाने लवकर फुलायचं दिलं, दुसऱ्याने उशिरापर्यंत फुलत राहायचं.

यात आणखी एक गोष्ट आहे. रोझॅनला बी धरत नाही. बी पोसायला लागणारी ताकद वाचते आणि झाड फुलतच राहतं. ती चोच आणि ती गोफण या झाडाच्या वाट्याला येतच नाही. केळीला जसं बी नाही आणि मुनव्यांवरच तिचा वंश चालतो, तसंच इथे. मुळांचा गड्डा फोडून किंवा टिश्यू कल्चरने रोझॅन वाढवतात. टिश्यूची केळी लावणाऱ्या जळगावच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. जगभरातली प्रत्येक रोझॅन म्हणजे किल्व्हच्या त्या एका रोपाचाच तुकडा आहे.

नाव झालं की वाद येतोच. नेदरलँड्समधून ‘जॉली बी’ नावाचं जिरेनियम बाजारात आलं, ते रोझॅनसारखंच दिसायचं. दोन्ही वाण वेगळे की एकच, यावरून पैदासकारांच्या हक्कांचा झगडा झाला. अखेर 2010 मध्ये तो मिटला आणि जॉली बी यापुढे रोझॅन म्हणूनच विकायचं ठरलं. त्याआधी 2008 मध्ये अमेरिकेतल्या बहुवर्षायू वनस्पतींच्या संघटनेने रोझॅनला वर्षाचं रोप ठरवलं होतं. 2013 मध्ये चेल्सी पुष्पप्रदर्शनाच्या शताब्दीनिमित्त दर दशकाचं एक अशी दहा रोपं निवडली गेली, लोकांनी मतं दिली आणि शंभर वर्षांतलं रोप म्हणून रोझॅन पहिली आली. हा मान तिचा योग्यच आहे. फुलांनी डोळे दिपवणारी झाडं पुष्कळ असतात, पण सलग चार-पाच महिने न थकता फुलणारी विरळाच.

महाराष्ट्राच्या सपाटीवर रोझॅन लावायच्या फंदात पडू नये. तिला थंडीतली झोप लागते, ती आपल्या हवेत मिळत नाही. तिचं कूळ पाहायचं तर हिमालयातच जावं लागेल. पुढच्या पावसाळ्यात व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाणार असाल, तर पाऊलवाटेच्या कडेला, काळपट पुंकेसर असलेल्या त्या पाच पाकळ्यांपाशी जरा थांबा, वाकून पाहा. बाजूलाच एखादी वाळू लागलेली चोच दिसेल. हात लावू नका, फूल खुडू नका, बी खिशात टाकू नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे, आणि ती गोफण तिथल्याच मातीसाठी ताणलेली आहे.